टायरची परीक्षा

गेल्या पावसाळ्यातले बहुतेक रविवार आम्ही मोरिवलीत एका खेळण्यातल्या ट्रकचे टायर तपासण्यात घालवले. ज्याची हयात साहित्याच्या अध्यापनात गेली, त्याने निवृत्तीनंतर हा उद्योग करावा हे वाचून आमचे माजी सहकारी हसतील. त्यांनी अवश्य हसावे. आमचीही पहिल्या रविवारची मनःस्थिती काही वेगळी नव्हती. पण त्या चाकांमागे चिखल तुडवताना आमच्या व्यवसायातली एक जुनी चूक आमच्यासमोर अशी काही उभी राहिली, की तिची कबुली कुठेतरी लिहून ठेवणे भाग पडले. ती वाचायला साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याइतका योग्य वाचक दुसरा नाही.

अंबरनाथ म्हटले की आपल्यासारख्यांना शिवालय आठवते. शिलाहारांच्या काळातले ते देऊळ, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा तिथला शिलालेख, शेजारून वाहणारी वालधुनी. आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या सहली तिथे नेल्या, मूर्तींसमोर उभे राहून बोललो, आणि संध्याकाळच्या लोकलने परत फिरलो. मोरिवलीपर्यंत मात्र कधी गेलो नाही. मोरिवली हे अंबरनाथच्याच कुशीतले गाव. औद्योगिक वसाहतीच्या नकाशावर आज त्याचे नाव गाव म्हणून कमी आणि 'एमआयडीसी' म्हणून अधिक उच्चारले जाते. शेडच्या पत्र्यांमागे अजून कुठे भाताचे खाचर दिसते, कुठे जुने कौलारू घर, कुठे उघडा कातळ.

याच वसाहतीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याची लहानशी शेड आहे. तो रबराच्या वस्तू बनवतो: वायसर, बुश, यंत्रांच्या पायांखाली घालायचे ठोकळे. दोन प्रेस, एक मिक्सिंग मिल आणि चार कामगार एवढा त्याचा पसारा. त्याच्या मुलाकडे रेडिओवर चालणारा, खडबडीत जमिनीवर पळवायचा ट्रक आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा. त्याचे टायर झिजले, नवे महाग पडू लागले, तेव्हा बापाने विचार केला की रबर आपल्याच घरचे आहे. त्याने डाय करून घेतला, मग दुसरा केला, आणि चार प्रकारचे टायर तयार झाल्यावर आम्हाला फोन केला. "सर, गाडी पोरगा चालवेल, टायर मी बदलीन. तुम्ही फक्त वहीत लिहा. आमच्याकडून नोंदी नीट होत नाहीत."

एवढ्या ओळखीपाळखीच्या माणसांतून त्याने आम्हालाच का बोलावले, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला होता. आम्ही तो मनातच ठेवला.

वाचकांना या खेळण्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. ट्रकचे वजन सुमारे दोन किलो. वीजेची मोटार, लिथियमची बॅटरी आणि हातात धरायचा रिमोट. टायरमध्ये हवा नसते, स्पंजाचे कडे बसवलेले असते, आणि टायर चाकावरून निसटू नये म्हणून कडेने फेव्हिक्विक लावून चिकटवतात. आता यातली गंमत पाहावी. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहापटीने कमी केली की वजन हजारपटीने घटते, पण टायरचा जमिनीला टेकलेला भाग शंभरपटीनेच घटतो. दोन टनांची जीप दोन किलोंची होते आणि जमिनीवरचा तिचा दाब दहावा हिस्सा उरतो. म्हणून जिथे जीप रुतेल तिथून हा ट्रक तरंगत निघून जातो. मोठ्या आणि लहान आकारांना एकच नियम सारखा लागू होत नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. पण दुसरी बाजूही आहे. गाडी लहान झाली तरी जमीन लहान होत नाही. खडीचा बोटभर तुकडा या ट्रकपुढे वीतभर धोंड्यासारखा उभा राहतो. म्हणून मोठ्या टायरची नक्षी दहापट लहान करून चालत नाही, तिचा नव्याने विचार करावा लागतो.

चार प्रकारच्या टायरांना आम्ही दोऱ्यांच्या रंगांवरून नावे दिली. लाल दोऱ्याचा टायर मऊ रबराचा, बारीक आणि दाट ठोकळ्यांचा होता, जवळजवळ गुळगुळीत म्हणावा असा. निळ्याचे ठोकळे उंच, टोकदार आणि एकमेकांपासून लांब होते. पिवळा म्हणजे ट्रकबरोबर आलेल्या मूळ टायरची नक्कल, सगळे काही मध्यम. पांढरा निळ्याच्याच डायमधून निघालेला, पण पहिल्या दिवशीच्या घाणातला.

परीक्षेच्या पद्धती दोन होत्या. पहिलीत चाके तारेने बांधून ती फिरणार नाहीत अशी करायची, ट्रकला ताणकाटा अडकवायचा आणि ट्रक घसरू लागेपर्यंत ओढायचा. काट्यावर दिसलेल्या ओढीला वजनाने भागले की पकड कळते. दुसरीत ट्रक जागचा सोडायचा आणि वीस पावलांचे अंतर तो किती वेळात कापतो ते मोजायचे. जमिनी पाच: शेडबाहेरचे पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचा रस्ता, मुरमाचे मोकळे मैदान, ओढ्यातला शेवाळलेला कातळ, आणि विद्यार्थ्याच्या घरचे एक पडीक खाचर. त्या खाचरात गेली काही वर्षे भात लावलेला नाही, पण पाणी पूर्वीसारखेच साचते.

पहिल्या रविवारी आम्ही सगळ्या जमिनींवर टायर एकाच क्रमाने लावले: लाल, निळा, पिवळा, पांढरा. दुपारी वही चाळताना मुलाच्या लक्षात आले की पांढरा सगळीकडे शेवटचा आहे, आणि पिवळाही बहुतेक ठिकाणी मागे आहे. तो म्हणाला, "आजोबा, शेवटच्या टायरला बॅटरी उतरलेली मिळते." अगदी खरे होते. पहिल्या टायरला भरलेली बॅटरी, चौथ्याला थकलेली. दोष टायरचा किती आणि परीक्षकाचा किती, हे त्या वहीवरून सांगणे अशक्य होते. आम्ही ते पान फाडले.

पान फाडताना आम्हाला काय आठवले असेल, हे ज्यांनी मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना सांगायला नको. सकाळी पहिला गठ्ठा सोडताना आपण प्रत्येक वाक्य वाचतो. संध्याकाळी शेवटच्या गठ्ठ्यातल्या मुलाला आपली उतरलेली बॅटरी मिळते, आणि त्याचे गुण मात्र त्याचेच म्हणून नोंदवले जातात. पुढच्या रविवारपासून प्रत्येक टायरला पूर्ण भरलेली बॅटरी दिली आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. उत्तरपत्रिकांच्या बाबतीत हे इतक्या वर्षांत आम्हाला सुचले नव्हते.

निकाल हळूहळू स्पष्ट झाले. सुक्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर लाल निर्विवाद पहिला आला. याचे कारण रबराच्या स्वभावात आहे. घर्षण वजनावर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, असा नियम फ्रेंच संशोधक आमोंताँ याने १६९९ साली मांडला, आणि शाळेत आपण तोच शिकतो. लाकूड आणि लोखंड हा नियम बऱ्याच अंशी पाळतात, रबर पाळत नाही. मऊ रबर पृष्ठभागाच्या बारीकसारीक खाचांत शिरते, त्याला चिकटते, आणि दबून पुन्हा फुलताना शक्ती गिळते. जितके जास्त रबर टेकेल तितकी त्याची पकड वाढते. निळ्याची मोजकी टोकेच टेकत होती, म्हणून काँक्रीटवर तो नाचल्यासारखा घसरला.

मुरमाच्या मैदानावर चित्र पालटू लागले. वरच्या सुट्या खड्यांवर लाल टायर गोट्यांवर ठेवलेल्या पाटासारखा सरकत राहिला. निळ्याची टोके खड्यांतून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचली आणि ट्रक सरळ निघाला. शेवाळलेल्या कातळावर लालने पुन्हा थोडी बाजी मारली, तरी पाण्याचा पातळ थर मध्ये आला की चिकटण्याचा गुण कसा गळून पडतो ते ताणकाट्याने दाखवून दिले. आणि खाचरात तर लाल पहिल्या चार पावलांतच थांबला. त्याच्या दाट ठोकळ्यांत चिखल भरला, चाक एक गुळगुळीत मातीचा गोळा झाले आणि जागच्या जागी फिरत राहिले. निळ्याच्या ठोकळ्यांत अंतर होते. प्रत्येक फेरीला ते वाकत आणि अडकलेला चिखल स्वतःच झटकून टाकत. काँक्रीटवर पहिला आलेला टायर चिखलात नापास झाला, आणि काँक्रीटवरचा ढ चिखलात पहिला आला.

आम्ही वहीत लालच्या नावापुढे 'निकृष्ट' असे लिहीत होतो. विद्यार्थ्याने वाकून पाहिले आणि सहज म्हणाला, "सर, हा टायर वाईट नाही हो. त्याला ही जमीन नको, एवढंच."

त्या वाक्याने आमचे पेन थांबले. ज्या प्रश्नाला आम्ही पहिल्या दिवसापासून बगल देत होतो तो पुढे आला.

सुमारे तीस वर्षांपूर्वी हा मुलगा आमच्या वर्गात होता. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी त्याने एक ललित लेख दिला होता. त्यात शेत होते, त्याची आई होती, आणि पावसात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बायकांची एक रांग होती. संपादनाचे काम आमच्याकडे होते. त्याने जिथे जिथे 'आवणी' लिहिले होते तिथे तिथे आम्ही लाल शाईने 'लावणी' केले, आणि समासात शेरा दिला: 'ग्राम्य शब्द टाळावेत.' असे आणखी बरेच शब्द होते. दुरुस्त्या करून पुन्हा आणायला सांगितले. त्याने लेख पुन्हा आणला नाही. पुढच्या वर्षी तो वर्गातही नव्हता. यात आमच्या शेऱ्याचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

ही गोष्ट अधिक लाजिरवाणी अशासाठी, की आम्ही काही बोलींचे वैरी नव्हतो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा मराठी पांढरपेशा वाचकाला त्यातले शब्द विचारून घ्यावे लागले, ही हकीकत आम्ही वर्गात मोठ्या रंगात सांगत असू. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' शिकवताना संवाद, विरोध आणि समतोल यांचे विवेचन करत असू, आणि त्यानंतर नेमाड्यांची 'टीकास्वयंवर'मधली देशी मांडणी तितक्याच उत्साहाने समजावून देत असू. व्यासपीठावर आमच्यापाशी सगळ्या जमिनींचे ज्ञान होते. घरी टेबलाशी बसून अंक तपासताना मात्र आमची जमीन एकच होती: सुके, सपाट काँक्रीट. तिच्यावर जे घसरले ते आम्ही बाजूला काढले. ज्यांची पुस्तके छापून आली होती त्यांच्या बोलीला आम्ही साहित्य म्हणत होतो. समोरच्या बाकावरच्या मुलाची बोली ही आमच्या लेखी शुद्धलेखनाची चूक होती.

आणि शब्द तरी कोणता खोडला! 'लावणी' म्हटले की निम्म्या वाचकांच्या कानात ढोलकी वाजते. 'आवणी'ला दुसरा अर्थच नाही. वाफ्यात वाढवलेले भाताचे रोप म्हणजे आवण, आणि ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात रोवणे म्हणजे आवणी. त्या चिखलात तोच शब्द पकड घेणारा होता. आम्ही त्याच्या टायरची टोके छाटून तो गुळगुळीत केला आणि मग तो जागच्या जागी फिरतो म्हणून नापास केला.

इथे एक धोका आहे, आणि वाचकांतले सावध शिक्षक तो ओळखतीलच. 'प्रत्येक टायर आपापल्या जमिनीवर चांगला' असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. मग परीक्षा कशाला आणि समीक्षा तरी कशाला? या शंकेचे उत्तर पांढऱ्या टायरने दिले. तो निळ्याचाच जुळा भाऊ. डाय तोच, नक्षी तीच. पण पहिल्या दिवशी प्रेस पुरेशी तापली नव्हती आणि घाईने साचा लवकर उघडला गेला. रबर आणि गंधक यांचे मीलन पूर्ण झाले नाही. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ, ते उष्णता आणि गंधक यांनी पक्के होते, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगले आणि १८४४ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पांढरा टायर या पक्केपणालाच मुकला होता. काँक्रीटवर त्याचे ठोकळे फाटले, मुरमात तुटले, चिखलात लोळागोळा झाले. कुठलीही जमीन त्याला वाचवू शकली नाही. म्हणजे निकष दोन प्रकारचे आहेत. एक घडणीचा: वस्तू पुरेशी भाजली आहे का? तो सगळीकडे सारखाच लागतो. दुसरा जमिनीचा: ही वस्तू कशासाठी, कुठे चालायची? तो प्रत्येक वेळी विचारून घ्यावा लागतो. आमची चूक निकष लावण्यात नव्हती. दुसऱ्या निकषावर उतरलेला लेख पहिल्या निकषावर नापास ठरवला, ही आमची चूक. त्या मुलाचा लेख कच्चा नव्हता. आज जेवढा आठवतो तेवढ्यावरून सांगतो, तो चांगला भाजलेला होता.

पिवळ्या टायरचीही बाजू मांडली पाहिजे. तो कुठेच पहिला आला नाही आणि कुठेच अडकला नाही. पाचही जमिनींवर दुसरा किंवा तिसरा. ट्रक विकणारे सुरुवातीला तसा टायर देतात, कारण गिऱ्हाईक कुठे राहते हे त्यांना ठाऊक नसते. प्रमाणभाषेचे काम याहून वेगळे नाही. हा लेखही तिच्यावरच चालला आहे, आणि तिची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र पिवळा सगळीकडे चालतो म्हणून बाकीच्यांचे डाय वितळवून टाकावेत, असे शेडमधला कुठलाही कामगार म्हणणार नाही.

एका रविवारी जोराचा पाऊस लागला, आम्ही शेडमध्येच बसलो आणि मुलाला डनलॉपची गोष्ट सांगितली. बेलफास्टचा हा गुरांचा डॉक्टर. १८८८ साली त्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुळात आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलचा खडखडाट थांबवण्याच्या खटपटीतून. जगातल्या रस्त्यांवर आज जे धावते आहे त्याचा उगम एका मुलाच्या खेळण्यात आहे. पुढे आपल्याकडच्या बैलगाडीलाही हवेची चाके बसली आणि तिला 'डनलॉप गाडी' हे नाव मिळाले. ते ऐकून विद्यार्थी म्हणाला की त्याच्या आजोबांच्या गाडीला लोखंडी धाव होती. लोहार ती धाव लाल होईपर्यंत तापवी, लाकडी चाकावर चढवी आणि पाणी ओती. आकसलेली धाव चाकाला अशी आवळून धरी की आरे करकरत. मुलाने 'धाव' हा शब्द त्या अर्थाने प्रथमच ऐकला. त्याला तो आवडला. त्यानंतर तो टायरला मधूनमधून धाव म्हणू लागला.

त्याच दिवशी आम्ही विचारले. तो लेख आठवतो का, आणि शिक्षण त्यामुळे सुटले का? विद्यार्थी प्रेसवरच्या टायरची कड कात्रीने कापत होता. म्हणाला, "शिक्षण वडिलांच्या आजारपणानं सुटलं, सर. त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका." मग कात्री थांबवून म्हणाला, "लिहिणं मात्र तुमच्यामुळे सुटलं." आवाजात राग नव्हता. निळा टायर काँक्रीटवर घसरतो हे सांगावे तसे त्याने ते सांगितले. आम्हाला का बोलावले, या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. ज्याने एकदा चुकीची नोंद केली त्याच्याच हातून या वेळी ती बरोबर करून घ्यायची होती, असा अर्थ आम्ही घेतला. कदाचित तो आम्हीच लावलेला असेल. त्याला कदाचित खरेच फक्त बऱ्या अक्षराचा माणूस हवा असेल.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही पक्की वही तयार करायला बसलो. दरम्यान खाचराच्या एका कडेला मुरमाचे ढीग येऊन पडले होते. शेजारच्या जमिनीत भराव सुरू झाला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात या खाचरात पाणी साचेलच याची खात्री विद्यार्थ्याला वाटत नव्हती. चिखलाच्या जमिनीवरची आमची मोजणी कदाचित शेवटचीच ठरेल.

वहीत पाच रकाने आखले. पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, मुरूम, कातळ अशी नावे घातली. पाचव्या रकान्याच्या डोक्यावर आम्ही 'चिखल' लिहिणार होतो. थांबलो, आणि 'आवणीचे शेत' असे लिहिले. विद्यार्थ्याने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिले.

"बरोबर आहे, सर," तो म्हणाला. मग थोडा संकोचून त्याने जोडले, "फक्त आमच्या घरी 'आवनी' म्हणतात. आई तसंच म्हणते. त्या लेखातही मी पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं. तुमच्याकडे द्यायच्या आधी 'ण' करून आणलं."

वही अजून आमच्याकडे आहे. शाईने लिहिलेला तो 'ण' आम्ही खोडला नाही. त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने 'न' लिहून ठेवला आहे.